दोर कुठवर पोचतो?

अलंग, मदन आणि कुलंग हे कळसूबाईच्या रांगेतले तीन शेजारी किल्ले सह्याद्रीतल्या सर्वांत अवघड दुर्गांत गणले जातात. तरीही दर हिवाळ्यात तिथं माणसांची रीघ असते. त्यातली बरीच माणसं त्याच वेळी आयुष्यात पहिल्यांदा दोराला लटकतात. याचं कारण इतिहासात आहे. 1818 मध्ये मराठी राज्य बुडाल्यावर इंग्रजांनी या भागातल्या किल्ल्यांच्या वाटा सुरुंग लावून उडवल्या. अलंगवर जिथं कातळात कोरलेल्या पायऱ्या होत्या, तिथं आज साधारण सत्तर-ऐंशी फुटांचा उभा कडा आहे. मदनवरही असाच एक तुटलेला टप्पा आहे. त्याच्या खाली पायऱ्या, वर पायऱ्या आणि मधे नुसता कातळ. एरवी राजगड, हरिश्चंद्रगड पायी फिरलेल्या माणसाला त्यामुळे इथं एकदम हार्नेस (कमरेला-मांड्यांना बांधायचे पट्टे), कॅराबिनर (फाटक असलेली कडी) आणि डिसेंडर (उतरताना दोर आवळून वेग रोखणारं साधन) अंगावर चढवावे लागतात. चालणं कुठं संपलं आणि गिर्यारोहण कुठं सुरू झालं, हे त्याला कुणी वेगळं सांगत नाही.

मी अशीच तिथं गेले होते. चालायची सवय भरपूर होती, उंचीची भीती फारशी नव्हती आणि दोराचा अनुभव शून्य. आंबेवाडीतून पहाटे निघालो, अलंग-मदनमधल्या खिंडीत पोचलो आणि तिथून अलंगचा कडा चढलो. चढताना वरून बेले होता, म्हणजे माझ्या कमरेला बांधलेला दोर वरचा माणूस सतत खेचून घेत होता. पाय एकदा घसरला तेव्हा मी वीतभर खाली आले, दोरानं धरलं आणि पुन्हा चढायला लागले. वर गुहेत मुक्काम केला, टाक्यातलं गार पाणी प्यायलो, समोर कळसूबाईचं शिखर आणि पलीकडे मदन-कुलंगचे कडे संध्याकाळच्या उन्हात पाहिले. चढाई जमली याचा आनंद सगळ्यांच्या बोलण्यात होता. उतरण्याविषयी त्या रात्री कुणीच बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी त्याच कड्यावरून रॅपल करून उतरायचं होतं. कड्याच्या माथ्यावर आम्हाला थोडक्यात शिकवलं गेलं. डावा हात वरच्या दोरावर, उजवा हात कमरेमागे खालच्या दोरावर. पाय फाकवून कातळावर सपाट टेकायचे, मागे रेलायचं, उजवा हात किंचित सैल केला की खाली जायचं, घट्ट केला की थांबायचं. एक गोष्ट प्रशिक्षकानं पुन्हा पुन्हा सांगितली की काहीही झालं तरी खालचा हात सुटता कामा नये. त्या एका वाक्याचं ऋण मी अजून मानते.

आमचा गट मोठा होता आणि उतरायला दोर एकच. पहिल्यांदा गावचा वाटाड्या उतरला आणि खाली पायऱ्यांच्या अरुंद पट्टीवर उभा राहिला. त्याच्यामागून एकेक जण उतरू लागला. दोर कड्याच्या माथ्यावरच्या बोल्टला अडकवलेल्या कडीतून दुहेरी ओवला होता. सगळे उतरल्यावर खालून एक बाजू ओढली की तो निघून यावा, अशी ती सोय. मधे कुणीतरी सांगितलं की दोर एका धारदार कंगोऱ्यावर घासतो आहे. तेव्हा दोर उचलून थोडा बाजूला घेतला गेला, खाली काहीतरी टाकलं गेलं आणि पुन्हा काम सुरू झालं. ही हालचाल होताना दोर कडीतून सरकला. कड्याचा माथा बाहेर फुगलेला आहे, त्यामुळे वर उभं राहून पायथा दिसत नाही. दोराची टोकं आता कुठं आहेत, हे वरून कुणालाच दिसत नव्हतं.

त्यानंतरची मी पहिलीच.

अर्ध्याहून जास्त उतरून आले होते. भीती ओसरली होती, पाय कातळावर नीट पडत होते आणि खाली वाटाड्याचं डोकं दिसू लागलं होतं. एवढ्यात तो ओरडला, ‘ताई, थांबा! आहे तिथं थांबा! हात सोडू नका!’ आवाजातली निकड अशी होती की मी विचार न करता मूठ आवळली. मग मान वळवून खाली पाहिलं. माझ्या उजव्या मुठीतून दोराचे दोन पदर निघत होते. एक खाली पायऱ्यांपर्यंत जाऊन वर वेटोळं करून पडला होता. दुसरा माझ्या मुठीखाली हातभर लोंबत होता आणि तिथंच संपत होता.

टोकाला गाठ नव्हती. माझ्या पायाखाली अजून दोन पुरुष उंची होती, त्याखाली हातभर रुंदीच्या पायऱ्या आणि पायऱ्यांच्या कडेपासून पुढं सरळ दरी.

काय होऊ घातलं होतं, ते समजून घ्यायला हवं. दुहेरी दोरावर उतरताना माणसाचं वजन दोन्ही पदरांवर असतं. दोन्ही पदर डिसेंडरमधून जातात, म्हणून वरच्या कडीत दोर सरकत नाही. आखूड पदर डिसेंडरमधून निसटला की सगळं वजन एकाच पदरावर येतं. त्या पदराला पलीकडून धरून ठेवणारं काही उरत नाही, त्यामुळे तो कडीतून भरभर ओढला जातो आणि माणूस दोरासकट खाली जातो. त्या वेळी मूठ कितीही घट्ट असली तरी उपयोग नसतो. खाली वाट पाहणाऱ्या माणसाच्या हातीही काही राहत नाही. एरवी खालच्या माणसानं दोर ताणून धरला की वरचा माणूस जागच्या जागी थांबतो. पण आखूड पदर त्याच्या हाताला लागतच नव्हता.

वाटाड्या अनवाणी होता. तो कातळात बोटं रोवून चार-पाच फूट वर चढला, माझ्या उजव्या पायाची टाच धरली आणि ती एका खोबणीत टेकवली. ‘आता सगळा भार पायावर द्या, दोरावर नको.’ मग दुसरा पाय. कातळावर दोन पायांवर उभं राहिल्यावर हाताची थरथर थोडी कमी झाली. त्यानं वर हाक दिली. वरून दुसरा दोर खाली आला, त्याच्या टोकाला गाठ आणि गाठीत कॅराबिनर. तो डाव्या हातानं हार्नेसमध्ये अडकवायचा आणि त्याचा स्क्रू फिरवून बंद करायचा, एवढं काम मला किती वेळ लागलं ते सांगता येणार नाही. तो लागल्यावर वरच्यांनी मला हळूहळू खाली सोडलं. पायऱ्यांवर बसले तेव्हा उजव्या हाताची बोटं उघडत नव्हती. वाटाड्यानं ती एकेक करून उघडली.

नंतर गटात बरीच चर्चा झाली, बरेच आवाज चढले. मला त्यात फार रस नव्हता आणि आजही एका माणसाला दोषी ठरवून हा विषय मिटवावा असं वाटत नाही. पहाटेपासून उन्हात उभा राहून एकामागून एक माणसं उतरवणाऱ्याचं लक्ष कधीतरी ढळणार, हे गृहीत धरूनच व्यवस्था बांधायची असते. टोकाला गाठ बांधायला दहा सेकंदं लागतात आणि ती बांधलेली असेल तर सगळ्यांचं लक्ष एकदम चुकलं तरी माणूस वाचतो. गाठ डिसेंडरपाशी येऊन अडते, एवढंच तिचं काम.

अनुभवी माणसांकडून असं होत नाही, असं कुणाला वाटत असेल तर दोन नावं सांगते. लिन हिल ही अमेरिकन गिर्यारोहक जगातल्या सर्वोत्तम कातळारोहकांपैकी एक. 1989 मध्ये फ्रान्समध्ये ब्यूक्स इथं चढताना तिनं हार्नेसमधून दोर ओवला, पण गाठ पुरी केली नाही. वर पोचून दोरावर रेलली तेव्हा सुमारे 75 फूट खाली कोसळली. वाटेत झाडाच्या फांद्या आल्या म्हणून वाचली. पुढे 1993 मध्ये तिनं एल कॅपिटान या कड्यावरची ‘द नोज’ ही वाट केवळ हातापायांच्या बळावर चढून दाखवली, असं करणारी ती पहिलीच व्यक्ती होती. ब्रॅड गोब्राइट या दुसऱ्या अनुभवी कातळारोहकाला मात्र अशी संधी मिळाली नाही. नोव्हेंबर 2019 मध्ये मेक्सिकोतल्या एल पोत्रेरो चिको इथं तो जोडीदाराबरोबर रॅपल करत होता. दोराचे दोन्ही भाग सारखे नव्हते, टोकांना गाठी नव्हत्या. आखूड बाजूचा दोर संपला आणि तो दरीत पडला. वय 31. त्याची बातमी वाचली त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण अलंगच्या कड्यावर माझ्या मुठीखाली लोंबणारं टोक हे त्याच अपघाताचं टोक होतं.

चढताना आणि उतरताना दोराचं काम वेगळं असतं, ही गोष्ट नवख्याला कुणी समजावून सांगत नाही. चढताना माणूस स्वतःच्या हातापायांवर असतो. दोर मागे जपणुकीला असतो आणि पाय सुटला तरच त्याची कसोटी लागते. रॅपल करताना पहिल्या क्षणापासून शेवटच्या क्षणापर्यंत सगळं वजन दोरावर, बोल्टवर, कॅराबिनरवर आणि हार्नेसच्या पट्ट्यावर असतं. त्यातलं एक जरी चुकलं तरी दुसरं काही धरायला नसतं. शिवाय उतरणं येतं ते दिवसाच्या शेवटी, थकलेल्या अंगानं, घरी जायच्या घाईत. म्हणून चढाई जमली की मोहीम फत्ते झाली असं मानणाऱ्यांना माझं सांगणं आहे की अर्धी जोखीम अजून पुढं असते, आणि ती जास्त धोक्याची अर्धी असते.

मग नवख्यानं काय करावं? सर्वांत आधी, विचारावं. तुम्ही पैसे भरून आलात, वयानं लहान आहात किंवा गटात कुणालाच ओळखत नाही, यातल्या कशानंही तुमचा विचारायचा हक्क कमी होत नाही. दोराला लटकण्याआधी वरच्या माणसाला मोठ्यानं विचारा: दोन्ही टोकं जमिनीला टेकली आहेत का? टोकांना गाठी आहेत का? उत्तर ‘हो, असतील’ असं आलं तर थांबा. खाली उभ्या असलेल्या माणसाकडून ‘दोन्ही टोकं माझ्या हातात आहेत’ असं ऐकू येईपर्यंत उतरू नका. ही खात्री एकदा करून पुरत नाही. दोर हलवला, बाजूला घेतला, वर ओढून पुन्हा टाकला की प्रत्येक वेळी नव्यानं करायची. दोराचा हिशेब साधा आहे. 50 मीटरचा दोर म्हणजे सुमारे 164 फूट, दुहेरी केला की प्रत्येक बाजूला 82 फूट. तो कडीतून दहाच फूट सरकला तर एक बाजू दहा फुटांनी आखूड आणि दुसरी दहा फुटांनी लांब होते, म्हणजे दोन टोकांत वीस फुटांचा फरक पडतो. ऐंशी फुटांच्या कड्यावर तेवढा फरक जीव घेतो.

मोठा गट उतरवायचा असेल तर दोर कडीतून नुसता ओवून ठेवण्यापेक्षा तो बोल्टला गाठ मारून पक्का बांधावा. म्हणजे तो सरकण्याचा प्रश्नच राहत नाही. दोर काढून घेण्याची सोय शेवटच्या अनुभवी माणसानं उतरताना करावी. त्यासाठी सगळ्या नवख्यांना सरकत्या दोरावरून उतरवायचं कारण नाही. वर एक माणूस वेगळ्या दोरानं बेले देणारा असेल तर अधिकच चांगलं. माझ्या वेळी तो असता तर आखूड टोकाची गोष्ट मला उतरल्यावर कुणीतरी सांगितली असती, एवढंच झालं असतं. पहिल्यांदा रॅपल करणाऱ्याला वरून वेगळा बेले हवाच, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यानं वेळ जातो, हे मान्य. पण ज्या आयोजकाकडे तेवढा वेळ नाही, त्यानं तेवढी माणसं नेऊ नयेत.

वेळेचा हा हिशेबही नोंदणी करण्याआधीच करा. नवखा माणूस कड्याच्या माथ्यावर येतो, त्याला अडकवलं जातं, तपासलं जातं, तो उतरतो, दोर मोकळा करतो. याला दहा मिनिटं धरली तर तीस माणसांना पाच तास लागतात. हिवाळ्यात सह्याद्रीत सहाच्या सुमाराला ऊन जातं. एकाच दोरावर तीस माणसं आणि संध्याकाळी पायथ्याच्या गावात जेवण, असं वेळापत्रक कुणी दाखवलं तर त्याचा अर्थ एवढाच की शेवटची माणसं घाईत किंवा अंधारात उतरणार. गट किती मोठा, दोर किती, प्रशिक्षक किती, त्यांनी प्रशिक्षण कुठं घेतलं, हे विचारा. दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट 1954 मध्ये सुरू झाली आणि उत्तरकाशीची नेहरू माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट 1965 मध्ये. तिथले मूलभूत आणि पुढचे अभ्यासक्रम केलेली माणसं आज महाराष्ट्रात गावोगाव आहेत. राज्य सरकारनं 2021 मध्ये साहसी पर्यटनाचं धोरणही आणलं आणि आयोजकांच्या नोंदणीची व्यवस्था केली. नोंदणी आहे का, हा प्रश्न आता कुणालाही विचारता येतो. समाधानकारक उत्तर आलं नाही तर घरी राहणं हा शहाणपणाचा निर्णय आहे. किल्ले कुठं जात नाहीत.

स्वतःच्या अंगावरच्या साधनांची ओळख मात्र स्वतःच करून घ्यायला हवी. ती कुणावर सोपवू नका. हार्नेसचा कमरेचा पट्टा नितंबांच्या हाडांच्या वर, कमरेवर घट्ट बसला पाहिजे, इतका की उलटं झालात तरी त्यातून घसरणार नाही. जुन्या पद्धतीचं बक्कल असेल तर पट्ट्याचं टोक त्यातून एकदा बाहेर काढून पुन्हा उलट दिशेनं आत घालायचं असतं. नुसतं एकदा ओवलेलं बक्कल भार आला की सरकतं. कॅराबिनरचा स्क्रू फिरवून बंद केला की बोटानं त्याचं फाटक दाबून पाहा, उघडता कामा नये. कॅराबिनर लांबीच्या दिशेनं दोन टनांहून जास्त भार झेलतो. तोच आडवा पडला किंवा फाटक उघडं राहिलं तर त्याची ताकद तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास येते. केस घट्ट बांधून हेल्मेटच्या आत, ओढणी किंवा लोंबता दुपट्टा अंगावर नको, जॅकेटच्या दोऱ्या आत. आठच्या आकड्यासारख्या डिसेंडरमध्ये केस किंवा कापड अडकलं की माणूस मधेच लटकून राहतो आणि सोडवायला जाताना जास्त मोठा अपघात होतो. हे सगळं झाल्यावर शेजारच्या माणसाला तपासायला सांगा आणि तुम्ही त्याचं तपासा. लिन हिलसारख्या माणसाची गाठ अपुरी राहू शकते, तर आपलीही राहू शकते.

डिसेंडरच्या खाली बारीक दोरीचा प्रुसिक किंवा तशीच दुसरी आवळणारी फेरी लावून घ्या, हेही आग्रहानं सांगेन. पाच-सहा मिलिमीटर जाडीच्या दोरीचं वेटोळं मुख्य दोराभोवती तीन-चार वेळा गुंडाळायचं आणि हार्नेसच्या मांडीच्या पट्ट्याला अडकवायचं. हात सुटला, दगड लागून शुद्ध गेली, तर ते वेटोळं आवळून माणसाला थांबवतं. त्याला वजन नाही, किंमत नाममात्र आणि शिकायला एक दुपार पुरते. तरी आपल्याकडच्या सहलींत ते क्वचितच दिसतं. का, याचं पटेल असं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

कुठं अडकलात तर दोराला नुसते लटकून राहू नका. हार्नेसमध्ये न हलता फार वेळ लटकलं की पायांतलं रक्त खालीच साचतं, चक्कर येते आणि ते जीवावर बेतू शकतं. पाय कातळावर टेकवा, ढकला, गुडघे हलवत राहा, खोबण सापडली तर उभे राहा. वाटाड्यानं मला पायावर भार द्यायला सांगितलं ते हात वाचवण्यासाठी. त्यात हाही फायदा होता, हे मला फार नंतर समजलं.

सह्याद्रीच्या कातळाविषयीही दोन शब्द सांगायला हवेत. हा लाव्हारसाच्या थरांचा बनलेला बेसाल्ट आहे. कठीण थरांच्या मधे ठिसूळ, तांबूस थर येतात. पावसाळ्यात सगळा डोंगर पाण्यानं भिजतो आणि हिवाळ्या-उन्हाळ्यात तापतो. त्यामुळे वरवर भक्कम दिसणारी धोंड हातात येते, आणि जुने बोल्ट गंजतात. एकाच जुन्या बोल्टवर किंवा एकाच झुडपावर दोर बांधलेला दिसला तर नकार द्या. आधार किमान दोन हवेत आणि एक सुटला तरी दुसऱ्यानं धरलं पाहिजे अशा रीतीनं बांधलेले हवेत. हेल्मेट फक्त दोरावर असताना नाही, कड्याच्या पायथ्याशी उभं असतानाही घाला. वरच्या माणसाच्या पायाखालून सुटलेला मुठीएवढा दगडही डोकं फोडायला पुरतो.

स्थानिक वाटाड्याबद्दल मला वेगळं बोलायचं आहे. त्याच्या अंगावर हार्नेस नव्हता, त्याला प्रुसिक शब्द ठाऊक नव्हता, पण खाली उभं राहून प्रत्येक माणसाच्या दोराच्या टोकाकडे पाहणारा गटात तो एकटाच होता. अनेक मोहिमांत या माणसांना फक्त सामान वाहायला आणि जेवण रांधायला नेलं जातं, त्यांना हेल्मेटसुद्धा दिलं जात नाही. हे लाजिरवाणं आहे. त्यांना पूर्ण साधनं मिळाली पाहिजेत, दोरांचं प्रशिक्षण मिळालं पाहिजे, त्यांच्या जोखमीला साजेसा मोबदला आणि विमा मिळाला पाहिजे. आणि डोंगरात ते ‘थांबा’ म्हणाले तर शहरातून आलेल्या प्रत्येकानं थांबलं पाहिजे, नेत्यानंसुद्धा.

प्रत्यक्ष अपघात झालाच तर पहिल्यांदा स्वतःला आणि जखमीला आणखी खाली जाण्यापासून रोखा, मग मदत मागा. पाठीला किंवा मानेला मार असेल तर उगाच उचलू नका. देशभर 112 हा आपत्कालीन क्रमांक चालतो. महाराष्ट्रात गिर्यारोहण संस्थांनी एकत्र येऊन महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू को-ऑर्डिनेशन सेंटर उभं केलं आहे. तिथले स्वयंसेवक आपापली कामं टाकून रात्री-अपरात्री दरीत उतरतात. त्यांचा मदत क्रमांक निघण्याआधीच गटातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये आणि एका कागदावर असू द्या. त्या डोंगररांगेत बऱ्याच ठिकाणी फोनला रेंज नसते. ती कुठं मिळते, हे गावकऱ्यांना आधी विचारून ठेवा.

शेवटी एक मागणं आहे, सगळ्याच डोंगरभटक्यांकडे आणि संस्थांकडे. माणूस दगावला की त्याची बातमी होते, पण थोडक्यात वाचला तर ती गोष्ट गटातल्या गटात राहते आणि पुढच्या हिवाळ्यापर्यंत विसरली जाते. अमेरिकन अल्पाइन क्लब 1948 पासून दरवर्षी अपघातांचा अहवाल प्रसिद्ध करतो. काय झालं, का झालं आणि काय करायला हवं होतं, हे त्यात नोंदवलेलं असतं. तिथल्या कित्येक पिढ्या ते वाचून शिकल्या. आपल्याकडे अशी नियमित, मराठीत लिहिलेली, कुणाचीही बदनामी न करणारी नोंद असायला हवी, आणि त्यात निभावून गेलेले प्रसंगही असायला हवेत. तुमच्या बाबतीत असं काही घडलं असेल तर ते लिहून तुमच्या संस्थेकडे द्या. तारीख, जागा, दोराची लांबी, गटाची संख्या, नेमकं काय चुकलं आणि कशानं वाचलात, एवढं पुरे आहे. नाव लिहायची गरज नाही.